मुलांना आकाश दाखवायचंय? सुरुवात दिवसा करा

चार-पाच वर्षांच्या मुलाला रात्री नऊ वाजता गच्चीवर नेऊन "तो बघ मृग, तो बघ व्याध" सुरू केलं, की दहा मिनिटांत एकतर त्याला झोप येते नाहीतर डास चावतात. शिवाय मोठ्या माणसाचं बोट कुठल्या ताऱ्याकडे आहे हे खालून त्याला कळतच नाही. म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी सावली, मग दिवसा दिसणारा चंद्र, त्यानंतर संध्याकाळचा चंद्र आणि तारे सगळ्यांत शेवटी. पहिल्या तिन्हींना ना मिट्ट अंधार लागतो ना दुर्बीण. एक काठी, खडू, सुतळी आणि तिथी छापलेली भिंतीवरची दिनदर्शिका एवढ्यावर वर्षभर काम चालतं. पुढची मापं आणि वेळा सातारा-सांगलीच्या आहेत. नागपूरला किंवा मुंबईला त्या जशाच्या तशा लागू होणार नाहीत.

सावलीची काठी

एक मीटर लांबीची सरळ काठी घ्या आणि ओल्या वाळूने भरलेल्या बादलीत उभी रोवा. वाळूच्या वर बरोबर एक मीटर राहायला हवी आणि बादलीची उंची सावलीत मिसळायला नको, म्हणून शक्य असेल तर बादली जमिनीत पुरा. गच्चीवर पुरता येत नाही. तिथे जाड लाकडी पाटाला काठी खालून स्क्रूने पक्की करा. काठी उभी आहे की कललेली, हे डोळ्याने ठरवू नका. सुतळीला एक नट बांधला की ओळंबा तयार होतो. तो दोन बाजूंनी लावून बघा. बहुतेकांची मापं चुकतात ती इथेच, काठी तिरकी असल्यामुळे.

सकाळी साडेअकरापासून दीडपर्यंत दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करायची. मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर सेंटिमीटरच्या भानगडीत पडू नका. सर्वांत आखूड सावलीएवढा सुतळीचा तुकडा कापा, त्याला महिन्याच्या नावाची चिठ्ठी लावा आणि खिळ्याला टांगा. दर महिन्याच्या 21-22 तारखेला एक तुकडा. डिसेंबरचा तुकडा साताऱ्यात साधारण 87 सेंटिमीटर भरतो, सांगलीत 85. मार्चमध्ये तो 30 ते 32 सेंटिमीटरवर येतो आणि जूनमध्ये उरतो जेमतेम वीतभराच्या निम्मा, 10 सेंटिमीटर. बारा तुकडे शेजारी टांगले की उन्हाळा आणि हिवाळा यांत सूर्याची उंची किती बदलते ते मुलाला हाताने चाचपून कळतं. पाठ करायला काही उरत नाही.

एक गोष्ट मात्र आधी सांगून ठेवा. सावली सर्वांत आखूड होते ती बाराला नव्हे. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताचं आहे. सातारा 74 अंशांवर, म्हणजे साडेआठ अंश पश्चिमेला. दर अंशाला 4 मिनिटं, असा 34 मिनिटांचा फरक पडतो. त्यामुळे साताऱ्याची खरी दुपार सरासरी 12 वाजून 34 मिनिटांनी होते आणि सांगलीची त्याच्या दोनेक मिनिटं आधी. वर्षभरात ती थोडी पुढेमागे सरकते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12.18च्या सुमारास येते, तर फेब्रुवारीच्या मध्याला 12.48ला. "बारा वाजता सूर्य डोक्यावर" हे वाक्य आपल्याकडे दोन बाजूंनी खोटं आहे: एक तर बारा वाजता नाही, आणि वर्षातले दोन दिवस सोडले तर बरोबर डोक्यावरही नाही.

ते दोन दिवस म्हणजे शून्य सावलीचे दिवस. सांगलीत पहिला 7 मेच्या आसपास येतो, साताऱ्यात 10-11 मेला. वेळ साधारण साडेबाराची. दुसरा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण तेव्हा आपल्याकडे ढग असतात, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नये. मेमध्ये शाळांना सुट्टी असते, हे बरंच. काठीपेक्षा चार इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा जास्त मजा आणतो. ओळंब्याने सरळ उभा धरला की उन्हाचं पूर्ण गोल चाक तळाला पडतं, आणि पाच-सात मिनिटांत कडेने अंधाराची चंद्रकोर आत शिरू लागते. विहिरीतही त्या वेळी ऊन तळापर्यंत पोचतं, पण मुलांना कठड्यावरून वाकायला लावण्यापेक्षा पाइप बरा.

या दोन दिवसांच्या मधल्या काळात, म्हणजे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, भरदुपारची सावली दक्षिणेला पडते. एरवी ती उत्तरेला असते. "दुपारची सावली नेहमी उत्तरेला" असं पुस्तकात वाचलेलं मूल जूनमध्ये तुमच्याशी वाद घालणार, आणि काठी त्या वाक्याच्या विरोधात साक्ष देणार. असा वाद होऊ द्यावा.

सूर्य बघायचा कसा, म्हणजे बघायचा नाही कसा

सूर्याकडे थेट बघायचं नाही हे पहिल्या दिवशी सांगायचं आणि कारणासकट सांगायचं: डोळ्याच्या मागच्या पडद्याला दुखण्याची जाणीव नसते, त्यामुळे भाजत असताना कळतच नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, सीडी यातलं काही चालत नाही. ग्रहणात परातीतल्या हळदीच्या पाण्यात सूर्य बघायची पद्धत कितीतरी घरांत आहे. तीही सुरक्षित नाही, कारण पाण्यातून परावर्तित झालेला सूर्यसुद्धा डोळ्यांना पुरेसा प्रखर असतो.

त्याऐवजी कवडसा वापरा. कौलांच्या फटीतून किंवा आंब्याच्या पानांतून जमिनीवर पडणारे कवडसे गोल का असतात? फटी तर वाकड्यातिकड्या असतात. प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचं चित्र असतं, म्हणून. घरी करायचं तर हातभर आरशाऐवजी छोटा आरसा घ्या, त्यावर 5-6 मिलिमीटरचं भोक पाडलेला कागद चिकटवा आणि उन्हातून अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर उजेड फेका. आरसा आणि भिंत यांत 10 मीटर अंतर असेल तर सूर्याचं चित्र सुमारे 9-10 सेंटिमीटरचं पडतं. भोक मोठं झालं की चित्र पुसट होतं, फार लहान झालं की अंधूक. भोकाचा आकार चौकोनी करा, तरी चित्र गोलच येतं. मुलांना हे पटवून द्यावं लागत नाही, ती स्वतःच त्रिकोणी भोक मागतात. आरसा मोठ्यांनी धरायचा आणि तो कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही इकडे लक्ष ठेवायचं. 2 ऑगस्ट 2027 रोजी आपल्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे, ढगांनी साथ दिली तर. हाच आरसा त्या दिवशी कामाला येईल.

मावळतीची खूण हा आणखी एक वर्षभराचा खेळ. गच्चीच्या एकाच जागेवर उभं राहून दर पंधरा दिवसांनी सूर्य कशामागे गेला ते चित्रात टिपायचं. सांगलीकडे क्षितिज सपाट, तिथे पाण्याची टाकी, कारखान्याचं धुराडं, नारळाचं झाड अशा खुणा मिळतात. साताऱ्यात पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर आडवा असल्यामुळे सूर्य छापील वेळेच्या आधीच दिसेनासा होतो, पण डोंगराची कड हीच उत्तम मोजपट्टी आहे. डिसेंबर ते जून या काळात मावळतीची जागा जवळजवळ 49 अंश उत्तरेकडे सरकते, म्हणजे हात लांब करून धरलेल्या सुमारे पाच मुठी. मूठ मुलाची असली तरी चालते, कारण त्याचा हातही त्याच प्रमाणात आखूड असतो. सूर्य बरोबर पूर्वेला उगवून बरोबर पश्चिमेला मावळतो तो फक्त 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या आसपास.

चंद्र: दिनदर्शिका हातात घेऊन

"चंद्र रात्री येतो" ही समजूत मोडायला सोपी आहे. कृष्ण चतुर्थीपासून अष्टमीपर्यंत सकाळी सात-आठला, शाळेच्या वाटेवर, चंद्र पश्चिमेच्या आकाशात असतो. शुक्ल अष्टमी ते द्वादशी या दिवसांत दुपारी साडेचार-पाचला तो पूर्वेच्या बाजूला सापडतो. आदल्या दिवशी तिथी बघा आणि मुलाला नुसतं "आज शोध" म्हणा. कुठे आहे ते सांगू नका.

संध्याकाळची वही शुक्ल द्वितीयेपासून सुरू करा. पांढऱ्या कागदावर पेन्सिलने चंद्र काढताना मुलं उजेड काळा करतात आणि स्वतःच गोंधळतात. काळा कार्डपेपर घ्या, वाटी पालथी ठेवून पंधरा गोल आखा आणि पांढऱ्या खडूने उजळ भाग भरायला द्या. रोज एकच वेळ, साधारण सात, आणि एकच जागा. बीजेची कोर सूर्यास्तानंतर तास-दीड तासात मावळते, तेव्हा जेवण उरकून बघू म्हटलं तर गेली. त्यानंतर रोज त्याच वेळी चंद्र एका मुठीपेक्षा जरा जास्त पूर्वेला सरकलेला असतो. पौर्णिमेनंतर मात्र तो रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो आणि मुलं झोपी जातात. वही इथेच बंद पडते. तेव्हा ती सकाळच्या वेळेवर न्या, मोडू देऊ नका.

उशिरा उगवण्याचा हिशेब घरात आधीपासून असतोच. संकष्टीचा उपास सोडायला चंद्रोदयाची वेळ बघतात ती बघा. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, चार दिवसांनी संकष्टीला तो नऊच्या आसपास येतो. का, ते मुलाला आजीसमोर बोटांवर मोजू द्या. छापलेली वेळ सपाट क्षितिजाची असते. पूर्वेला डोंगर किंवा इमारत असेल तर 10-15 मिनिटं उशीर धरा. भाद्रपद शुक्ल चतुर्थीला अनेक घरांत चंद्र बघत नाहीत. त्या दिवशी हट्ट करू नये, तृतीया आणि पंचमी मोकळ्या आहेत.

चंद्रकोर काढताना मुलं बाहेरच्या देशांतल्या चित्रांवरून ती इंग्रजी सी अक्षरासारखी उभी काढतात. आपल्या अक्षांशावर संध्याकाळची कोर बरीच आडवी असते. चैत्रात तर अगदी होडीसारखी, भाऊबीजेला थोडी जास्त कललेली. उजळ बाजू नेहमी सूर्याकडे असते: एक हात मावळलेल्या सूर्याकडे, दुसरा चंद्राकडे केला की चूक आपोआप सुधारते.

कोजागरीला एक साबुदाणा जपून ठेवा. टूथपिकच्या टोकाला डिंकाने चिकटवा. मुलाने हात पूर्ण लांब करून, एक डोळा मिटून तो धरला की साबुदाणा अख्खा चंद्र झाकतो. उगवताना चंद्र परातीएवढा वाटतो, तेव्हा एकदा झाकून बघा आणि दूध आटेपर्यंत तो वर आला की पुन्हा बघा. साबुदाणा दोन्ही वेळा पुरतो. मोठं दिसणं हा डोळ्यांचा भास. मोठ्यांचा हात लांब असतो, त्यांना साबुदाणा कमी पडेल. त्यांनी तुरीची डाळ घ्यावी.

कला कशा होतात: भाकरी नको, चेंडू घ्या

भाकरी किंवा बिस्किट तोडून चंद्राच्या कला दाखवायची पद्धत फार चालते. ती टाळावी. तोडलेला तुकडा नाहीसा होतो, आणि चंद्राचं काहीतरी कुणीतरी खाल्लं असा ठसा मुलाच्या मनावर उरतो. तोच पुढे "पृथ्वीची सावली पडते म्हणून कोर दिसते" या चुकीत बदलतो. ही चूक पदवीधर माणसांतही सर्रास सापडते.

हवा एक थर्माकोलचा पांढरा चेंडू, 6 ते 8 सेंटिमीटरचा, पेन्सिलीवर खोचलेला. चकचकीत प्लास्टिकचा नको, त्यावर दिव्याचा एकच ठिपका चमकतो. खोलीत पूर्ण अंधार करून, शेड काढलेला एक बल्ब मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा आणि मुलाला त्यापासून दोनेक मीटरवर उभं करा. भिंती पांढऱ्या असतील तर उजेड परतून येतो आणि चेंडूची काळी बाजू काळी दिसत नाही. पाठीमागे गडद चादर टांगा. मूल म्हणजे पृथ्वी, चेंडू चंद्र. चेंडू हात लांब करून, डोक्यापेक्षा थोडा वर धरायचा आणि डावीकडे सावकाश वळायचं.

तोंड दिव्याकडे असताना चेंडूची आपल्याकडची बाजू काळी: अमावस्या. पाव वळलं की उजवी अर्धी बाजू उजळते: शुक्ल अष्टमी. पाठ दिव्याकडे आली की पौर्णिमा. आणखी पाव वळलं की डावी बाजू उजळ, कृष्ण अष्टमी. इथे नेमकं बिघडतं ते पौर्णिमेला: चेंडू खाली धरला तर मुलाच्याच डोक्याची सावली त्यावर पडते. ती चूक झाली की थांबा, कारण तुम्हाला आयतं चंद्रग्रहण मिळालं आहे. चंद्राची वाट सुमारे 5 अंशांनी कललेली असल्यामुळे बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो, म्हणून दर महिन्याला ग्रहण होत नाही.

याच दिव्यासमोर चेंडू बाजूला ठेवून दिवस-रात्रही होते. नाक म्हणजे आपलं गाव, उजव्या मनगटाला पश्चिमेचा दोरा. डावीकडे वळताना दिवा उजव्या कानामागे जातो: सूर्यास्त. डावीकडून परत दिसतो: सूर्योदय.

अंतराची कल्पना द्यायला शाळवाचा एक दाणा पुरतो. 4 मिलिमीटरचा दाणा ही पृथ्वी मानली तर चंद्र म्हणजे बारीक मोहरी, दाण्यापासून 12 सेंटिमीटरवर. सूर्य 44 सेंटिमीटरची परात, आणि ती 47 मीटर दूर. शाळेच्या मैदानात परात एकाने धरायची आणि मुलांनी पावलं मोजत जायचं. पाच वर्षांच्या मुलाला शंभरावर पावलं लागतात. तिथून वळून परातीकडे पाहिलं की ती आकाशातल्या सूर्याएवढीच दिसते. मोहरी हरवते, ती जास्त घेऊन जा.

आता तारे

मार्गशीर्ष ते माघ, अमावस्येच्या अलीकडे-पलीकडे, संध्याकाळी सात ते आठ. अर्धा तास पुरे. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला 20 मिनिटं लागतात आणि मोबाईलचा एक झगझगाट ती घालवतो. टॉर्चला लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन पदर रबराने बांधा. उभं राहून मान दुखते, घोंगडीवर आडवं पडा.

दाखवताना मुलाच्या मागे बसून गाल गालाला लावा आणि हात त्याच्या खांद्यावरून पुढे काढा, म्हणजे बोटाची दिशा दोघांना एकच दिसते. लांब काठी असेल तर आणखी बरं. ऊसही चालतो, फक्त तारे संपेपर्यंत तो उरेल याची खात्री नाही. हिरवा लेझर मुलांच्या हातात अजिबात देऊ नका.

पंधरा जानेवारीच्या सुमारास साडेसातला एकच रेघ शिकवा. डोक्यावर कृत्तिकांचा पुंजका, त्याखाली पूर्वेकडे लालसर रोहिणी, आणखी खाली मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण, आणि क्षितिजापासून दोन मुठींवर लखलखणारा व्याध. एका रात्रीला एवढं खूप झालं. कृत्तिका किती दिसतात ते प्रत्येकाने मोजायचं, सहा दिसले तर नजर चांगली. ध्रुवतारा पुढच्या वेळी. गोष्टीमुळे मुलांना तो सर्वांत तेजस्वी असेल असं वाटतं आणि हिरमोड होतो. तो मध्यम तेजाचा आहे आणि आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम 17-18 अंशांवर, दोन मुठींहून कमी, त्यामुळे उत्तरेला इमारत असली की संपलं. एप्रिल-मेच्या संध्याकाळी सप्तर्षीतल्या पुलह आणि क्रतू (चौकोनातले शेपटीपासून दूरचे दोन तारे) यांना जोडणारी रेघ क्रतूच्या पुढे पाचपट वाढवली की तो सापडतो. तेव्हाच वसिष्ठाशेजारची अरुंधतीही शोधायला द्या.

अंधारासाठी माण, खटाव, आटपाडी, जत हा कोरडा टापू सर्वांत चांगला. घाटमाथ्यावर धुकं आणि वारा असतो. गावात हल्ली चौकाचौकात हायमास्ट दिवे आहेत, तेव्हा खळं किंवा शेतातलं घर गाठा. मात्र कराड, पाटण, शिराळ्याकडे उसात बिबट्याचा वावर असतो. फडाच्या कडेला मुलांना बसवू नका आणि पायांत बूट असू द्या.

दुर्बीण नंतर घ्या. घेतलीच तर मुलांच्या दोन डोळ्यांतलं अंतर कमी असतं, म्हणून त्यांना दोन वेगळे गोल दिसतात आणि ती "काहीच दिसत नाही" म्हणतात. एका डोळ्याने बघायला सांगा आणि दुर्बीण कठड्यावर टेकवा. चंद्रावरचे खड्डे पौर्णिमेला सपाट दिसतात, अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर ते उठून येतात.

जूनमध्ये आजोबा "मृग लागला" म्हणतात आणि मूल रात्री मृग शोधायला गच्चीवर पळतं. मृग नसतो तिथे. 7-8 जूनला सूर्य त्या नक्षत्रात येतो, म्हणजे ते तारे सूर्याच्या पाठीमागे, भर दिवसा डोक्यावरून जात असतात. दिव्याच्या खोलीत हे दाखवता येतं: दिव्यापलीकडच्या भिंतीवर मृगाचं चित्र चिकटवा आणि मुलाला दिव्याकडे तोंड करून उभं करा. दिव्याच्या झगझगाटात चित्र दिसत नाही. मग त्याला दिव्याभोवती अर्धी फेरी मारून पलीकडे जाऊ द्या आणि पाठ दिव्याकडे करायला सांगा. चित्र समोर येतं. तो डिसेंबर.